उसनी वीज

दिगंबरराव साहेबांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी रेणापूरचा, म्हणून त्यांच्यासाठी मी 'रेणापूर'. नांदेडच्या सबस्टेशनात मी नवाकोरा इंजिनिअर म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझा कागद हातात घेतला, नावावरून नजर सरळ गावावर नेली आणि म्हणाले, "ये रेणापूर, बस. केळं खा." हिमायतनगरचा ऑपरेटर 'हिमायतनगर', मुखेडचा शिपाई 'मुखेड'. एकाच गावचे दोघं निघाले की पंचाईत व्हायची, मग एकाच्या मागं 'थोरलं' आणि दुसऱ्याच्या मागं 'धाकटं' लागायचं. नाव आईबापांनी ठेवलेलं असतं, त्यात माणसाचा काय गुण, असं त्यांचं म्हणणं. गाव मात्र अंगात मुरलेलं असतं.

ते स्वतः अर्धापूरचे, केळीवाले. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात केळीची एक फणी कायम ठेवलेली. फाइल घेऊन येणाऱ्याला आधी केळं, मग सही. गावातली डीपी जळाली म्हणून तावातावानं भांडायला आलेली माणसं त्या खोलीत हातात साल धरून गप उभी राहिलेली मी पाहिली आहेत. साल कुठं टाकावी ते कळत नाही आणि हातात साल धरून शिव्या देता येत नाहीत. ती निघून गेली की साहेब म्हणायचे, "तोंड भरलेलं असलं की माणूस ऐकून घेतो, रेणापूर. उपाशी माणसाला नियम सांगू नये."

दुसरी गोष्ट त्यांच्या खिशातला टेस्टर. एवढा मोठा हुद्दा, पण शर्टाच्या खिशात पेनच्या शेजारी वायरमनसारखा टेस्टर. एकदा मुंबईहून आलेल्या वरिष्ठांनी टोकलं, की हे तुमच्या खुर्चीला शोभत नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "खुर्चीला झटका बसत न्हाई, मला बसतो." वरिष्ठ हसले, पण साहेबांच्या पगारवाढीचा कागद त्या वर्षी उशिरा आला. साहेबांनी विचारणाही केली नाही.

त्यांच्या घरची विहीर तीन भावांत सामाईक होती. सामाईक विहिरीला पाण्याची पाळी असते, आज थोरल्याची मोटार चालणार, उद्या मधल्याची, परवा धाकट्याची. हे कुठं लिहिलेलं नसतं आणि मोडलं तर लोक कुऱ्हाडी काढतात. साहेबांचं जगाबद्दलचं सगळं ज्ञान या विहिरीवर झालेलं. पाळीचे त्यांचे दोन नियम होते. शेजारच्याची केळी वाळून राहिली असली तर आपल्या पाळीतलं पाणी उसनं द्यायचं, परतफेड सवडीनं. आणि दिलेलं पाणी पुन्हा बोलून दाखवायचं नाही. नव्या पोरांना प्रशिक्षण देतानाही ते तारा आणि ट्रान्सफॉर्मर सोडून मधेच विहिरीवर जायचे. "विहिरीवरचं सगळ्यात हलकट खोटं कोणतं, सांगा बरं." कुणी काही, कुणी काही बोलायचं. मग ते सांगायचे, "मोटार जळाली. पाणी द्यायचं नसलं की माणूस म्हणतो, मोटार जळाली. अरे, न्हाई द्यायचं तर तोंडावर न्हाई म्हणा. न्हाई म्हणल्यानं भांडण होतं, ते मिटतं. मोटार जळाली म्हणणाऱ्याची खरीच जळाली तरी कुणी फिरकत न्हाई."

आम्ही हसायचो. आता ते हसू आठवलं तरी नको वाटतं.

पुढं साहेबांची नेमणूक सरहद्दीवर झाली आणि त्यांनी मला आणि हिमायतनगरच्या ऑपरेटरला सोबत मागून घेतलं. शेजारच्या एका देशाशी वीज देण्याघेण्याचा करार व्हायचा होता आणि त्यासाठी सीमेपाशी नवं सबस्टेशन उभं राहिलं होतं. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत आणि या हकिगतीत जी लाज आहे ती त्यांची नाही, आमची आहे. लाईन एकच होती. गरजेप्रमाणे वीज कधी इकडून तिकडं जायची, कधी तिकडून इकडं. तारा सरहद्द ओलांडत होत्या, म्हणून बैठकीला आमच्यासारख्या वीजवाल्यांबरोबर दोन्ही देशांचे सुरक्षा अधिकारी असायचे. ते एकमेकांकडं न बघता बोलायचे. टॉवरची राखण कोणी करायची, वाद झाला तर लाईन कोणी बंद करायची, संकटात आधी कोणाला, यावर दोन्ही बाजूंनी छापील कागद वाचून दाखवले गेले आणि दुपारपर्यंत गाडं तसूभरही पुढं सरकलं नाही.

साहेबांनी पिशवीतून फणी काढली. अर्धापूरहून रेल्वेनं आलेली केळी, वाटेत काळ्या डागांनी भरलेली. सुरक्षावाल्यांनी त्यांच्याकडं संशयानं पाहिलं. समोरच्या बाजूचे मुख्य इंजिनिअर मात्र हात पुढं करून एक घेऊन खायला लागले. किरकोळ बांध्याचे, जाड चष्म्याचे, हळू बोलणारे गृहस्थ. साहेबांनी लगेच त्यांचं गाव विचारलं. मग आपल्या नांदेडी हिंदीत सुरू झाले, "ऐसा है साब, हमारे गाँव में एक कुआँ तीन भाई में है. पानी पाळी से चलता. बाजूवाले का खेत सूखा तो अपनी पाळी में से उसको देते. कागज बाद में. कायकू भांडना?"

ते गृहस्थ हसले. त्यांच्या गावी चुलत्यांत तळं सामाईक होतं. तिथंही असंच चालायचं. पुढचा तास ते दोघं तळं आणि विहीर यांवरच बोलत राहिले आणि बाकीचे माना इकडून तिकडं वळवत ऐकत राहिले. संध्याकाळी जे ठरलं त्याला कागदावर लांबलचक इंग्रजी नाव पडलं. आम्ही त्याला उसनवारी म्हणायचो. एकाची वीज अडली की दुसऱ्यानं आधी द्यायची, परवानग्या मागाहून. टॉवरची राखण दोन्हीकडच्या शिपायांनी मिळून करायची.

"दोन घरांत देणंघेणं सुरू झालं, म्हणजे सोयरीक झाली," साहेब म्हणाले. "आजपासून तुम्ही आमचे व्याही." त्यांनी त्या माणसाला पुन्हा कधी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. मीही इथं व्याहीच म्हणणार आहे. व्याह्यांना तो शब्द फार आवडला. दोन देशांमधल्या सरकारी फोनवर गंभीर आवाजात "हौ व्याही", "नक्को व्याही" असं चालायचं आणि फोन ऐकणाऱ्या सुरक्षावाल्यांना ही काय सांकेतिक भाषा आहे, हे बरेच दिवस कळत नव्हतं.

पहिल्याच वर्षी वादळात आमच्या बाजूचा, आतून येणाऱ्या लाईनचा एक टॉवर आडवा झाला. आमचा अख्खा सीमेवरचा जिल्हा अंधारात. साहेबांनी व्याह्यांना फोन लावायच्या आत तिकडून वीज सुरू झाली. परवानगी यायची होती, तिचा पत्ता नव्हता. आमचा टॉवर उभा राहीपर्यंत व्याह्यांनी स्वतःच्या शहरातल्या बाजारपेठा संध्याकाळच्या बंद ठेवल्या आणि आम्हाला देत राहिले. वरून त्यांना बोलणी बसली हे आम्हाला फार नंतर दुसऱ्याकडून कळलं. साहेबांनी आभाराचा फोन केला तर ते म्हणाले, "दिलेलं बोलून दाखवायचं नाही, हा तुमचाच नियम ना?" साहेब त्या दिवशी इतके खुश होते की त्यांनी मला चुकून नावानं हाक मारायची तेवढी बाकी ठेवली.

त्यानंतरचा दुसरा उन्हाळा. तिकडच्या मोठ्या वीजकेंद्रात बिघाड झाला. ऊन असं, की सबस्टेशनातली खडी बुटातून भाजायची. दुपारी व्याह्यांचा फोन आला, नेहमीची वीज चालू ठेवा आणि उसनी जास्तीची द्या, दवाखान्यांपुरती तरी. साहेब म्हणाले, "हौ व्याही, अर्ध्या तासात." फोन ठेवला आणि ते कामाला लागणार, तेवढ्यात वरून फोन आला. त्या दिवसांत आमच्याकडंही मागणी चढलेली होती. शिवाय दोन सरकारांत काही तरी बिनसलं होतं, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. हुकूम असा, की जास्तीची तर नाहीच, आहे तीही बंद करा.

साहेब उभे राहून बोलत होते. "मी शब्द दिलाय साहेब," ते म्हणाले. पलीकडून काही तरी उत्तर आलं. "बरं, मग मला त्यांना न्हाई म्हणून तरी सांगू द्या." तेही नको होतं. नाही म्हटलं की करार मोडल्यासारखं होतं आणि करार मोडल्याचं खापर आपल्यावर येतं. "हुकूम लेखी द्या." लेखी मिळणार नव्हता. साहेबांनी फोन ठेवला. बराच वेळ ते पॅनेलसमोर नुसते उभे होते. हिमायतनगरच्या ऑपरेटरनं लाईन बंद करायला हात पुढं केला तर त्याचा हात त्यांनी बाजूला सारला. "तू नको. माझ्याच हातानं होऊ दे," म्हणाले आणि लाईन बंद केली.

लगेच व्याह्यांचा फोन आला. मी शेजारीच होतो. साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "व्याही, लाईन में फॉल्ट आया."

मोटार जळाली. साहेबांनी सांगून टाकलं.

पलीकडून व्याह्यांचा तोच हळू आवाज आला, "अच्छा. टॉवरपाशी कुठं तरी?" साहेब म्हणाले, "हौ." व्याही म्हणाले, "काही हरकत नाही. तुम्ही घाबरू नक्को." ज्याच्या घरात अंधार झाला होता तो आमच्या साहेबांना धीर देत होता. साहेबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि खोलीत तर पंखा चालू होता.

खरी शोभा दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. सीमेवरच्या फाटकावरून आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा निरोप आला, की पलीकडून एक ट्रक आलाय, पंधरा-वीस लाईनमन आहेत, दोरखंड आहेत, पेट्यांतून चिनी मातीचे इन्सुलेटर आहेत, आणि ते म्हणतात आम्ही मदतीला आलो. "तुमच्यापैकी कुणी बोलावलं यांना?" तो अधिकारी चिडला होता.

साहेब आणि मी फाटकावर गेलो. गजांच्या पलीकडं त्यांचा म्हातारा फोरमन उभा होता. त्यानं साहेबांना सलाम केला. "आमच्या साहेबांनी सांगितलंय, तुमची माणसं कमी पडत असतील. आम्हाला नुसता टॉवर दाखवा." ट्रकमध्ये त्यांनी भाताचं मोठं पातेलंही आणलं होतं. साहेब म्हणाले, काम चालू आहे, आमची माणसं आहेत, तुम्ही परत जा. फोरमन म्हणाला, "लाईन सुरू झाल्याशिवाय परत येऊ नका, असा हुकूम आहे." आणि ती माणसं ट्रकच्या सावलीत बसली. सावली सरकली की तीही सरकायची. दोन दिवस ती तिथं होती. बिघडलेला टॉवर नव्हताच, तो त्यांना दाखवणार कुठून? साहेबांनी त्यांना पाण्याचे कॅन पाठवले, केळी पाठवली, पण पुन्हा फाटकाकडं स्वतः गेले नाहीत. खिडकीतून तो ट्रक दिसायचा म्हणून त्यांनी आपली खुर्ची भिंतीकडं फिरवून घेतली. मी एकदा चहा घेऊन गेलो तर म्हणाले, "रेणापूर, मी काय करून बसलो रे." चहा ठेवून मी बाहेर आलो.

मग जसा हुकूम आला होता तसाच तो उठला आणि लाईन सुरू झाली. ट्रक परत गेला. जाताना त्या म्हाताऱ्यानं पुन्हा सलाम केला असं फाटकावरचा शिपाई सांगत होता. त्या दिवसांत तिकडं दवाखान्यांत काय झालं, हे साहेबांनी कुणाला विचारलं नाही. मला वाटतं, विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

त्याच वर्षी त्यांनी बदली मागून घेतली आणि नांदेडला परत आले. काही काळानं निवृत्त झाले. व्याह्यांचे फोन यायचे. ईदला यायचे, दिवाळीला यायचे, आमच्याकडं पूर आल्याची बातमी वाचली तरी यायचे. साहेब मोबाइल पालथा करून ठेवायचे आणि तो वाजून वाजून गप व्हायचा. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. एकदा त्या मला म्हणाल्या, "कुणाचं देणं बुडवल्यासारखं करून राहिलेत हे. विचारलं तर उठून अंगणात जातात."

मी तोवर लातूरला आलो होतो. तिथल्या एका कॉलेजानं शेजारी देशांतलं ऊर्जा सहकार्य आणि सुरक्षा या विषयावर व्याख्यान ठेवलं आणि वक्ता सुचवायला मला सांगितलं. मी साहेबांना गळ घातली. हे मी का केलं कुणास ठाऊक. बहुतेक मला वाटलं, चार लोकांत बोलले की मोकळे होतील. ते आले आणि सुरुवातीला फार सुरेख बोलले. समुद्रातून तेलाची जहाजं येतात ती एकट्या देशाला राखता येत नाहीत, गॅसच्या नळ्या चार देशांतून जातात तेव्हा चौघांची झोप एकमेकांच्या हातात असते, असं सगळं सोप्या भाषेत. एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं. "सुरक्षा म्हणजे नुसती बंदूक न्हाई. ज्याच्या घरात उजेड असतो त्याला दार उघडायची भीती वाटत न्हाई." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, पण ऐन अडचणीत मित्रदेशानं वीज न्हाईच दिली तर?"

साहेबांनी माईक हातात धरला होता तो तसाच राहिला. प्राचार्यांना वाटलं, प्रश्न ऐकू आला नसेल, म्हणून त्यांनी तो मोठ्यानं पुन्हा सांगितला. साहेब म्हणाले, "बाई, त्याचं उत्तर द्यायला मी लायक न्हाई." आणि शाल-श्रीफळाला न थांबता व्यासपीठावरून खाली उतरले. लोकांना तो विनय वाटला. आभार मानणाऱ्या प्राध्यापकांनी तसं बोलूनही दाखवलं.

मागच्या उन्हाळ्यात मला व्याह्यांचा फोन आला. ते हैदराबादला कसल्याशा बैठकीला आले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेनं नांदेडला येणार होते. "त्यांना आधी सांगू नक्को," म्हणाले, "नाहीतर घराला कुलूप लावतील." माणसाची पारख त्यांनाही होती. मी लातूरहून पहाटे निघालो आणि स्टेशनावर त्यांना उतरवून घेतलं. ते थकलेले, केस पांढरे झालेले, काठी घेतलेले. हातात आंब्याची एक छोटी पेटी होती, ती मला धरू देईनात.

साहेब अंगणात बनियनवर बसून पेपर वाचत होते. फाटक वाजलं, वर पाहिलं आणि पेपर त्यांच्या हातातून खाली गेला. उठताना त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. व्याह्यांनी काठी टेकवली, जवळ गेले आणि गळाभेट घेतली. साहेबांचे दोन्ही हात मात्र दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले.

काकूंनी चहा आणला. चहा निवून गेला तरी साहेबांनी कप उचलला नाही. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "व्याही, त्या दिवशी फॉल्ट नव्हता. लाईन मी बंद केली होती."

"मला माहीत आहे," व्याही म्हणाले.

साहेबांनी मान वर केली.

"फॉल्ट असता तर आमच्या रिलेनं दाखवला असता की नाही? रिले गप होता. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं होतं."

एवढी साधी गोष्ट. लाईनवर बिघाड झाला की रिले नावाचं यंत्र दोन्ही टोकांना त्याची नोंद करतं. हाताखालच्या पोरांना हे शिकवण्यात साहेबांचा जन्म गेला होता. पण त्या दुपारी एवढा मोठा इंजिनिअर विहिरीवरचं खोटं विजेच्या माणसाला सांगून बसला. विहिरीवर मोटार जळाली की नाही हे पलीकडच्याला दिसत नाही. इथं तर दिसत होतं.

"मग ती माणसं कामून पाठवली?" साहेबांनी विचारलं.

व्याही चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या खोलीत आमचे सुरक्षावाले बसले होते. त्यांना कळलं असतं, लाईन तुम्ही मुद्दाम बंद केलीत, तर करार त्याच संध्याकाळी संपला असता. मग मी म्हणालो, फॉल्ट आहे, हे बघा मी माणसं पाठवतोय. त्यांचा विश्वास बसला. लाईन आजही चालू आहे ना?" थोडं थांबून ते म्हणाले, "त्या माणसांना मात्र मी खरं सांगितलं नव्हतं. ती खरंच मदतीला आली होती. तो म्हातारा फोरमन अजून भेटला की विचारतो, केळीवाल्या साहेबांचा टॉवर पुन्हा बिघडला तर नाही ना?"

काकू आत निघून गेल्या. साहेबांनी मग तो प्रश्न विचारला जो त्यांनी इतक्या वर्षांत कुणाला विचारला नव्हता. "तिकडं दवाखान्यात काय झालं होतं?"

व्याह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते नक्को विचारू," म्हणाले.

त्यानंतर जेवणं झाली. वरण, भात, भाकरी, ठेचा, आंबे. व्याही काकूंचं कौतुक करत होते, साहेब त्यांच्या ताटाकडं लक्ष ठेवून होते आणि स्वतः घास चिवडत होते. मला वाटलं होतं, सगळं बोलून झाल्यावर त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. खोटं बोललो याची लाज त्यांनी इतकी वर्षं कशी तरी सांभाळली होती. आता ते खोटं त्या माणसानं ओळखून स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं, हे त्यांना झेपत नव्हतं. ताटावरून उठताना ते मला हळूच म्हणाले, "त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, रेणापूर."

व्याही दुपारी साहेबांच्या पलंगावर आडवे झाले आणि प्रवासाच्या शिणानं त्यांना लगेच झोप लागली. मी बाहेरच्या खोलीत बसलो. थोड्याच वेळात लाईट गेली. नांदेडच्या उन्हाळ्यात त्यात नवल काही नाही. "सगळी हयात विजेच्या खात्यात गेली अन घरात इन्व्हर्टर न्हाई," काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. घर तापायला लागलं. माझी निघायची वेळ झाली होती, म्हणून निरोप घ्यायला मी आतल्या दारापर्यंत गेलो. पुढं थंडीच्या दिवसांत साहेब गेले, तेव्हा मी पोचू शकलो नाही. म्हणून त्यांना पाहिलं ते शेवटचं तिथंच.

पलंगाशेजारी ते खाली जमिनीवर बसले होते. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा फाडून हातात घेतला होता आणि झोपलेल्या व्याह्यांना वारा घालत होते. स्वतःचं बनियन घामानं पाठीला चिकटलं होतं. तेवढ्यात लाईट आली. डोक्यावरचा पंखा कुरकुरला, फिरायला लागला, खिडकीचा पडदा हलला. साहेबांनी एकदा वर पंख्याकडं पाहिलं आणि पुन्हा व्याह्यांच्या चेहऱ्याकडं. मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो, तेव्हाही ते वारा घालतच होते.